बगिच्यातली नवी काँक्रीट बॉर्डर: पांढरा थर परत परत का येतो, चिरा का पडतात आणि काय करायचं

लॉन आणि फुलझाडांच्या वाफ्यांमध्ये ओतलेली रंगीत काँक्रीट बॉर्डर पहिले काही आठवडे छान दिसते. मग तिच्यावर पांढरी भुकटी दिसायला लागते. घासली की जाते, पंधरा दिवसांत परत येते. माळी म्हणतो ॲसिडनं धुवा, मिस्त्री म्हणतो सीलर (पाणी रोखणारं, वरून मारायचं द्रव्य) मारा, आणि हे दोन्ही करूनही पुढच्या हिवाळ्यात बॉर्डर पुन्हा पांढरीच. नागपुरात ही तक्रार वर्षातून साधारण दोनदा निघते: एकदा पावसाळा संपून हवा कोरडी पडली की, आणि दुसऱ्यांदा कूलर सुरू झाले की. या दोन पांढऱ्यांची कारणं वेगळी असतात, त्यामुळे उपायही वेगळे. वरून जे लावायचं ते नंतर ठरवा, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

आधी ओळख पटवा

बॉर्डरच्या हातभर भागावर साधं पाणी शिंपडा. ओली असताना मूळ रंग परत दिसला, तर रंग उडालेला नाही, त्यावर थर बसलाय. ओली असतानाही रंग फिका किंवा रेतीचा दिसला, तर वरचा पापुद्रा झिजलाय किंवा मालात कच्चा रंग घातला होता. आयर्न ऑक्साइडचे लाल, पिवळे, काळे रंग उन्हानं सहसा उडत नाहीत. काजळीवर आधारलेला स्वस्त काळा मात्र पावसात हळूहळू धुपून जातो.

थर असेल तर जुन्या ब्लेडनं थोडी भुकटी खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकाच्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. बॉर्डरवर थेट टाकू नका. सिमेंट स्वतःच थोडं फसफसतं आणि उत्तर चुकतं. ताटलीतली भुकटी फसफसली तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे एकतर सिमेंटमधूनच बाहेर आलेला चुना किंवा बोअरच्या जड पाण्याचे डाग. फसफसली नाही, पण साध्या पाण्यात विरघळली, तर ते विरघळणारे क्षार आहेत. ते खतातून येतात, मातीतून येतात, कूलरच्या टाकीतूनही येतात. आणि खरवडायला भुकटीच मिळाली नाही, चकचकीत थराच्या आत दुधाळपणा दिसतोय, तर तो सीलरचा दोष. चिंधी झायलीनमध्ये (सीलर विरघळवणाऱ्या द्रावकात) भिजवून तिथे पुसा. दुधाळपणा तात्पुरता जरी गेला, तरी निदान पक्कं.

चुना आणि जड पाणी यांतला फरक जागेवरून कळतो. स्प्रिंकलरचा फवारा जिथे आदळतो तिथे लॉनच्या बाजूला पट्टा, ओघळ किंवा थेंबांचे गोल ठसे दिसले, तर दोष पाण्याचा. सांध्यांच्या कडेला, मातीला लागून असलेल्या खालच्या भागात आणि लॉनच्या विरुद्ध बाजूलाही सारखंच पांढरं दिसलं, तर चुना.

सिमेंटचा चुना

सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. ते पाण्यात थोडंफार विरघळतं. बॉर्डरच्या आतलं पाणी पृष्ठभागाकडे येताना ते सोबत आणतं. वर पाणी उडून जातं, चुना मागे राहतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होतो, जो मग पाण्यात विरघळत नाही. उन्हाळ्यात पाणी पृष्ठभागाच्या आतच वाफ होऊन जातं, म्हणून थर कमी दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओल हळूहळू वर येते, म्हणून तेव्हाच सगळं उघडं पडतं.

घराच्या भिंतीला निदान वर छत असतं आणि खाली जोत्यात ओल रोखणारा थर असतो. बॉर्डर तीन बाजूंनी उघडी आणि चौथ्या बाजूनं ओल्या मातीत उभी. रोज पाणी दिलेल्या लॉनमधून ती सतत ओल ओढते. म्हणूनच नुसतं पुसून थर थांबत नाही.

पहिल्या वर्षी उपाय एकच: कोरड्या बॉर्डरवर नायलॉनचा ताठ ब्रश मारा, भुकटी सुपलीत गोळा करा आणि फेकून द्या. आधी पाणी ओतू नका, विरघळणारे क्षार असतील तर ते पुन्हा आत जातात. तारेचा ब्रश तर नकोच. त्याच्या तुटलेल्या काड्या पृष्ठभागात अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात. बाहेर येण्याजोगा चुना मर्यादितच असतो. एक-दोन पावसाळे गेले की थर बराच कमी होतो, आणि पातळ थर पावसाचं पाणीही हळूहळू धुऊन नेतं. याला धीर लागतो, आणि तो बहुतेकांकडे नसतो.

धीर नसेलच, तर बॉर्डर ओतल्यापासून निदान 28 दिवस पूर्ण होऊ द्या. त्यानंतर सल्फॅमिक ॲसिडची पूड 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम या प्रमाणात विरघळवा. पूड पाण्यात टाकायची, पाणी पुडीवर नाही. आधी आडबाजूच्या हातभर तुकड्यावर करून बघा, कारण ॲसिड रंगीत काँक्रीटवरून सिमेंटची साय काढतं आणि थोडी रंगछटा बदलतेच. बॉर्डर आधी साध्या पाण्यानं चिंब भिजवा, म्हणजे ॲसिड आत शोषलं जाणार नाही. लगतचं लॉनही भिजवून प्लास्टिकनं झाका. एकावेळी दोन मीटर घ्या, ब्रशनं लावा, दोन-तीन मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवा. शेवटी लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ते पाणी फिरवा आणि पुन्हा धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. संडास साफ करायचं तीव्र ॲसिड वापरू नका. ते साय खाऊन रेती उघडी पाडतं, आणि अशी खडबडीत झालेली बॉर्डर आधीपेक्षा जास्त पाणी पिते.

कूलरचं पाणी आणि बोअरचं पाणी

डेझर्ट कूलरच्या पॅडवरून पाणी वाफ होऊन जातं, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात. वरून नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. एप्रिल ते जून हे पाणी पाइप लावून थेट बगिच्यात सोडायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तो पाइप नेमका बॉर्डरवरून लटकतो. बॉर्डरवरचं पाणी दुपारच्या उन्हात मिनिटांत सुकतं आणि मागे क्षारांची खपली राहते. पाइपाच्या तोंडाखाली वीतभर पांढरं वर्तुळ, त्यात मधोमध पिवळसर-तपकिरी छटा. ती छटा वाळ्याच्या ताट्यांतून उतरलेल्या रंगाची. नव्या ताट्यांचं पहिल्या काही दिवसांचं पाणी तर चहासारखं असतं, ते बॉर्डरजवळ येऊच देऊ नका.

उपाय म्हणजे पाइप दोन फूट पुढे नेणं. टाकी रिकामी करायची तर ते पाणी मोठ्या झाडाच्या आळ्यात सोडा, बॉर्डरलगतच्या वाफ्यात नको. आलेला थर कोरडाच झटका, मग साध्या पाण्यानं धुवा आणि कपड्यानं टिपून घ्या. टिपायचं विसरलात तर धुतल्याचा उपयोग अर्धाच.

बोअरच्या पाण्याचे ठसे जुने झाले की साध्या पाण्यानं निघत नाहीत, तिथे वर सांगितलेलं सल्फॅमिकचं पाणी चालतं. पण स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं नाही तर पंधरा दिवसांत सगळं पुन्हा तसंच. फवारा बॉर्डरपासून किमान वीतभर आत पडेल असं तोंड बसवा, किंवा कडेच्या रांगेत ठिबकच्या नळ्या टाका.

सीलर दुधाळ होतो किंवा सोलतो

चकचकीत ॲक्रिलिक सीलर दोन कारणांनी दुधाळ होतो: ओल्या काँक्रीटवर मारला म्हणून, किंवा एकदाच जाड थर दिला म्हणून. आतली वाफ थराखाली अडकते. मारण्यापूर्वी बॉर्डर कोरडी आहे का हे बघण्याची सोपी पद्धत अशी: जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बॉर्डरवर पांघरून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि साधारण 16 तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद दिसलं, तर सीलर मारायचा नाही.

दुधाळ झालेला थर नवा आणि पातळ असेल, तर संध्याकाळी सावलीत रोलरनं झायलीनचा हलका हात फिरवला की थर मऊ होऊन अडकलेली ओल निघते. झायलीन पेट घेतं आणि वासही तीव्र असतो. मास्क लावा, आसपास सिगारेट, चूल, स्पार्क काही नको. थर जाड असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर हा उपाय पुरत नाही, पेंट रिमूव्हरनं पूर्ण काढावा लागतो.

मातीत उभ्या असलेल्या बॉर्डरला चकचकीत थर देऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खालून ओल येत राहणार, वर फिल्म असणार, आज ना उद्या ती सुटणारच. त्यापेक्षा आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा सीलर घ्या. तो चमक देत नाही, रंगही गडद करत नाही, पण वरचं पाणी आत जाऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो. दुकानदार आधी चमकवाला डबा दाखवतो, कारण ओल्या रंगाची झळाळी गिऱ्हाइकाला आवडते.

किती लागेल याचा अंदाज: 20 मीटर लांबीच्या बॉर्डरचा माथा आणि दोन्ही बाजू धरून साधारण 30 सेंमी रुंदी उघडी असेल, तर क्षेत्र 6 चौरस मीटर. डब्यावर लिटरला 5 चौरस मीटर लिहिलं असेल तर एका हाताला सव्वा लिटर, दोन हातांना अडीच लिटर. दोन्ही हात पातळ. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा. मे महिन्यात दुपारी बॉर्डर हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते आणि सीलरला फोड येतात.

चिरा: दोष बहुतेक वेळा खालच्या मातीचा

नागपूरच्या बऱ्याच भागांत, विशेषतः पश्चिमेकडच्या बेसाल्टी पट्ट्यात, अंगणाखाली काळी माती आहे. ती मे महिन्यात आकसते, तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. बॉर्डरच्या एका बाजूला रोज पाणी मिळणारं लॉन आणि दुसऱ्या बाजूला कोरडी ठणठणीत पायवाट असली की एका अंगाची माती फुगलेली, दुसऱ्या अंगाची बसलेली. बॉर्डर कोरड्या बाजूकडे कलते आणि मध्येच आडवी तडकते. सिमेंट कितीही चांगलं घातलं तरी हे टळत नाही.

चीर हलती आहे की थांबलेली, हे आधी कळायला हवं. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि पट्टीनं रुंदी मोजा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. रुंदी बदलत असेल तर खालची माती हलतेय.

हलत्या चिरेत सिमेंटचा घोळ किंवा पांढरं सिमेंट भरणं म्हणजे पैसे वाया. कडक भराव ताण सहन करत नाही, वर्षभरात त्याच्या शेजारून नवी चीर निघते. चिरेतली धूळ फुंकून काढा, रुंद असेल तर आत फोमची दोरी बसवा आणि वर बॉर्डरच्या रंगाला जवळचा पॉलियुरेथेन सीलंट भरा. सीलंट ओला असतानाच त्यावर बारीक रेती भुरभुरली तर पट्टी उठून दिसत नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यात चीर सर्वांत रुंद असते. तेव्हा काठोकाठ भरलेला सीलंट पावसाळ्यात दाबला जाऊन बाहेर फुगतो.

अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, जाळीसारख्या वरवरच्या चिरा वेगळ्या. त्या पहिल्या काही तासांत पाणी उडून गेल्यानं पडतात. दिसायला वाईट, ताकदीला फारसा धोका नाही. आत मुरणारा सीलर मारा आणि सोडून द्या.

दर 60 ते 90 सेंमीवर एकसारख्या अंतरानं, पण सांध्याऐवजी मधोमध चिरा पडल्या असतील, तर सांधे उथळ कापले गेलेत. सांध्याची खोली बॉर्डरच्या उंचीच्या किमान तिसऱ्या हिश्शाइतकी हवी, 12 सेंमी उंचीला 4 सेंमी. भिंत, पायरी किंवा पेव्हरला बॉर्डर टेकते तिथे, आणि लांब सरळ रेषेत दर तीन मीटरला, 10-12 मिमीची फोमपट्टी घालून पूर्ण तोडलेला सांधा ठेवावा. कडुलिंबासारख्या मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळून बॉर्डर नेली असेल, तर मुळं ती उचलणारच. तिथे ती वळसा घालून न्यायला हवी होती.

शिवाय बॉर्डर धरणासारखी पाणी अडवते. उताराच्या बाजूला जमिनीच्या पातळीवर दर दोन-तीन मीटरला 25 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घातलेला नसेल, तर जोराच्या पावसात लॉन तुंबतं आणि बॉर्डरखालची माती लगदा होते. नंतर भोक पाडायचं असेल तर कोअर मशीननं पाडा. छन्नी-हातोड्यानं पाडलेल्या भोकातूनच पुढची चीर सुरू होते.

पहिले चौदा दिवस

वरच्या निम्म्या तक्रारींची मुळं इथे आहेत. इथल्या दुकानांत मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. ते सावकाश ताकद धरतं. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकात अशा सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारायला सांगितलंय, आणि कोरड्या-उष्ण हवेत ते 14 दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. मिस्त्री तीन दिवस पाणी मारून निघून जातो, पुढचं घरच्यांनीच बघायचं.

कसं मारायचं हेही महत्त्वाचं. दुपारी तापलेल्या बॉर्डरवर नळीनं गार पाणी सोडलं की पृष्ठभाग तडकतो. दिवसातून दहा वेळा भिजवून दहा वेळा सुकू दिली की चुना वर यायला वाटच मिळते. बॉर्डर झाकून सतत ओलसर ठेवा. प्लास्टिक नको, त्याच्या सुरकुत्या जिथे टेकतात तिथे रंगीत काँक्रीटवर नकाशे उमटतात. नवं गोणपाट नको, ते तपकिरी रंग सोडतं. दोन-तीनदा धुतलेलं जुनं गोणपाट किंवा जुन्या सुती चादरी उत्तम. सकाळी सूर्य वर येण्याआधी आणि संध्याकाळी झाऱ्यानं भिजवा. मे महिन्यात दुपारी एकदा चादर चाचपून बघा आणि कोरडी पडण्याआधीच भिजवा. कूलरचं पाणी यासाठी चुकूनही नको.

पहिल्या दिवशी स्प्रिंकलर बंद. पहिला आठवडा बॉर्डरला माती लावायची नाही, घास कापायच्या मशीनचं चाक टेकवायचं नाही. गाडीचं चाक मात्र कधीच नाही, 28 दिवसांनंतरही नाही, कारण अशा बॉर्डरमध्ये सहसा सळई नसते.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ओतायचंच असेल तर उजाडताच सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा, वर हिरवी नेट बांधा आणि गिट्टी आदल्या रात्री भिजवून ठेवा.

लहानसहान डाग

संत्र्याच्या किंवा लिंबाच्या झाडाला हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) दिलं आणि दाणे बॉर्डरवर राहिले, तर पाणी पडताच गंजाचे ठिपके. आधी झाडून घ्या, मग पाणी द्या. पडलेल्या ठिपक्यांवर लिटरभर कोमट पाण्यात 40 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावा, दहा मिनिटांनी धुवा. हे विषारी आहे, मुलं आणि कुत्री-मांजरं दूर ठेवा. अमोनियम सल्फेटचं खतही बॉर्डरवर पडू देऊ नका, ते सिमेंटच पोखरतं.

जांभळाचे डाग त्याच दिवशी साबणाच्या पाण्यानं जातात, आठवड्यानं जात नाहीत. शेवाळ जुलै-ऑगस्टमध्ये येतं. लिटरला 10 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून ब्रश करा आणि भरपूर धुवा. ब्लीचिंग आणि कोणतंही ॲसिड एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो.

बोट फिरवल्यावर राखाडी पूड लागते आणि खिळ्यानं सहज ओरखडा उठतो, तर पृष्ठभाग कच्चा राहिलाय: ओतताना वरून पाणी शिंपडून घोटलं, किंवा क्युरिंग (ओतल्यावर सतत ओलसर ठेवणं) झालंच नाही. सिलिकेटचा फ्लोअर हार्डनर दोन हात मारून बघा. तरीही पूड सुटत राहिली तर सीलर मारून काही होणार नाही.

तोडून पुन्हा ओतायचं कधी

बॉर्डर कलली असेल, चिरेच्या दोन बाजू खाली-वर झाल्या असतील किंवा चीर पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर दोन सांध्यांमधला तुकडा ग्राइंडरनं कापून काढा. खालची काळी माती 15 ते 20 सेंमी खोल आणि दोन्ही बाजूंना 10 सेंमी जास्त रुंद उपसा. 7-8 सेंमीच्या थरांत मुरूम भरा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसानं कुटा. कुटल्यावर टाच दाबली तर ठसा उमटू नये.

मालासाठी 10 लिटरची बादली माप धरा: 1 बादली सिमेंट, दीड बादली धुतलेली रेती, 3 बादल्या 10 मिमी गिट्टी, साधारण 35 ग्रॅम पॉलिप्रॉपिलीनचा धागा आणि जास्तीत जास्त 7 लिटर पाणी. रेती ओली असेल तर पाणी अर्धा ते एक लिटर कमी. एवढ्यात 15 बाय 12 सेंमीची सुमारे दोन मीटर बॉर्डर होते. रंग मूठभर अंदाजानं टाकू नका, तोलून टाका. सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्के म्हणजे या मापाला साधारण 720 ग्रॅम, पण जुन्या कामात किती घातला होता ते मिस्त्रीला विचारून तेवढाच. रंग कोरड्या सिमेंटमध्ये आधी मिसळा, पाणी सगळ्यात शेवटी. दोन्ही टोकांना फोमपट्टी लावूनच ओता.

तुकडा शेजारच्या जुन्या बॉर्डरपेक्षा गडद दिसेल आणि पहिल्या हिवाळ्यात त्याच्यावर पुन्हा पांढरं येईल. तो नव्या सिमेंटचा चुना असतो, कोरडा ब्रश मारत राहा. सीलर त्या एका तुकड्याला वेगळा मारू नका, पूर्ण बॉर्डरचा नंबर येईल तेव्हा एकत्रच मारा.